कोरी नळी

मंगळवार, ४ मार्च
डोंगरावरून

चि. सौ. धाकटीला,

ताईचे आशीर्वाद. तुम्ही तिघं ठीक आहात असं धरून चालते. मीही ठीक आहे, म्हणजे गुडघे सोडून उरलेली मी ठीक आहे.

तुझं पत्र शनिवारी जीपबरोबर आलं. ड्रायव्हरने ते नमुन्यांच्या खोक्यात ठेवलं होतं म्हणून मी त्याला झापलं. त्या खोक्यात नळ्यांखेरीज काही ठेवायचं नसतं, शाईलाही वास असतो. तो म्हणाला, "ताई, बहिणीच्या पत्राला कसला आलाय वास?" मी म्हटलं, माझ्या बहिणीला तू अजून ओळखत नाहीस.

इथे थंडी जाता जात नाही. खिडकीच्या फटीत कागद कोंबून ठेवलाय, तरी वारा बरोबर माझ्या मानेवरच येतो. स्टोव्हवरची किटली सकाळपासून गुरगुरत असते आणि दिवसभरात ती नि मी एवढ्याच दोघी बोलतो. निवृत्तीला तीन महिने उरले. मुख्य कार्यालयाने निरोप समारंभासाठी माझा फोटो मागितलाय, "शक्यतो हसरा." एकोणीस वर्षांत इथे माझा हसतानाचा फोटो कोणी काढलेला नाही, कारण काढायला कोणी नव्हतंच. शेवटी ओळखपत्रावरचा पाठवला. त्यात मी चोरी करताना पकडलेल्या बाईसारखी दिसते, पण असू दे.

माझ्या भाचीच्या, बडबडच्या, शाळेसाठी माझ्या कामाबद्दल लिहून मागितलंस, ते देते. पेट्रोलपंपावर गाडी थांबली की नाकाला जो वास येतो ना, तशी हवेत उडून जाणारी रसायनं असतात. काही गाड्यांच्या धुरातून येतात, काही रंग-पॉलिशमधून, काही तर झाडंसुद्धा सोडतात. पाइनच्या झाडाखाली येणारा तो ताजा वास त्यातलाच. माझं काम एवढंच, की बोटभर लांबीच्या स्टीलच्या नळीतून तासभर हवा ओढायची, नळी दोन्ही बाजूंनी बुचं लावून बंद करायची आणि खाली प्रयोगशाळेत पाठवायची. कुठलं रसायन किती, ते तिथलं मशीन सांगतं. हवा ओढायची ती मनोऱ्यावरून, आणि त्याला चौऱ्याऐंशी पायऱ्या आहेत. दिवसातून तीनदा वर, तीनदा खाली. नमुन्यात आपलाच वास जाऊ नये म्हणून सेंट नाही, वासाचा साबण नाही, नेलपॉलिश नाही. गुडघ्यांना बामसुद्धा नाही. बाम चोळल्याबद्दल मेमो मिळालेली जगातली एकमेव बाई मीच असेन.

आणि हो, दर वेळी एक कोरी नळी बरोबर न्यायची असते. तिच्यातून हवा ओढायची नाही. ती नुसती खऱ्या नळीबरोबर वर जाते, तासभर तिथे बसते आणि खाली येते. तिच्यातही काही सापडलं, तर ते हवेतलं नाही, आपल्या हाताळण्यातलं आहे असं समजायचं आणि तेवढं खऱ्या नळीच्या आकड्यातून वजा करायचं. हे तिला नीट समजावून सांग. किंवा नको, राहू दे. मुलांना कोऱ्या नळीचं काय करायचंय. पायऱ्यांचं तेवढं लिहायला सांग.

बडबड हल्ली कुरकुर करत नाही म्हणतेस. बरं. खेळाच्या तासालाही जाते का? दम्याचा पंप दप्तरात ठेवतेस ना? विचारलं आपलं.

जावईबापूंना म्हणावं, शहरातलं घर विकायची एवढी घाई कसली. ते काही पळून जात नाही. नोकरीचा राजीनामाही पुढच्या महिन्यात देता येतो. माणसाने डोंगरावर राहायला यायचं म्हणजे एक उन्हाळा, एक हिवाळा आणखी बघावा. आता तू म्हणशील, दीड वर्ष झालंच की भाड्याने राहून. झालं खरं.

हात गारठला. बाकी पुढच्या खेपेला.

तुझी
ताई


रविवार, ९ मार्च
दुपार

चि. धाकटी,

आशीर्वाद.

काल तुझी चिठ्ठी आली. चिठ्ठी कसली, चपराकच. "ताई, तीन पानं खरडलीस, पण विचारलं ते सोडून. इथली हवा चांगली आहे एवढं एका ओळीत लिही आणि बुधवारच्या जीपने पाठव. शुक्रवारी आम्ही इथल्या घराच्या कागदांवर सह्या करतोय. बोर्डावर यांचा विश्वास नाही, यांना तुझ्या हातचं हवंय."

वस्तीच्या वेशीवर 'शुद्ध हवेची वस्ती' म्हणून जो बोर्ड लावलाय, त्यावरचा आकडाही माझ्याच हातचा आहे गं.

ती ओळ मला लिहिता येत नाही. तुमच्याकडची हवा चांगली नाही. निदान मी सांगितली तशी नाही, आणि दुपारी तर मुळीच नाही.

फोन का केला नाही, असं तू म्हणशील. ऑफिसचा फोन माझ्यासमोरच आहे. पण फोनवर तू म्हणाली असतीस, "हो की नाही तेवढंच सांग," आणि मी हो म्हणून मोकळी झाले असते. माझा स्वभाव तुला माहीत आहे. कागदावर मला इतक्या चटकन खोटं बोलता येत नाही असं मला वाटायचं. तेही खरं नाही, कारण हे सगळं रजिस्टरमधल्या खोट्यापासूनच सुरू झालंय.

तीन हिवाळ्यांपूर्वी माझा उजवा गुडघा सुजला होता, आठवतंय? तू तेलाची बाटली पाठवली होतीस आणि मी ती उघडलीही नव्हती, नमुन्यांपायी. त्या दिवसांत एकदा मी मनोऱ्याच्या निम्म्यावर पोचले आणि लक्षात आलं की कोरी नळी खालीच राहिली. खाली उतरून परत चढायचं माझ्या जिवावर आलं. मनात म्हटलं, रिकामी नळी वर न्यायची आणि रिकामीच खाली आणायची, ह्यात कोणता पुरुषार्थ? तशीच वर गेले. संध्याकाळी रजिस्टरमध्ये लिहिलं, "कोरी नळी सोबत नेली." दुसऱ्या दिवशी मुद्दाम नेली नाही. आठवड्याभरात सवय झाली. हिवाळा संपला, सूज उतरली, सवय काही उतरली नाही.

त्या नळ्या मग मी तळमजल्यावरच्या कपाटात ठेवायला लागले. हाताशी पडायच्या. महिन्याच्या खोक्यात इतर नळ्यांबरोबर त्याही खाली जायच्या. ते कपाट जनरेटरच्या खोलीत होतं आणि कपाटाशेजारी डिझेलची पिंपं.

आता तुला मी शाळा शिकवायला नको. खऱ्या नळ्या भरल्या की लगेच बंद होऊन खोक्यात जायच्या. कोऱ्या मात्र महिना महिना डिझेलच्या वासात बसून राहायच्या. बुचं कितीही घट्ट लावा, थोडं आत जातंच. गाड्यांच्या धुरात असतं तेच बेन्झिन, तेच टोल्युइन. प्रयोगशाळेला वाटायचं, कोऱ्या नळीत एवढं आहे म्हणजे ही हाताळण्यातली घाण, करा वजा. अशी तीन वर्षं हवेतली खरी घाण माझ्या कपाटातल्या घाणीने पुसली जात होती. उरायचं जवळपास शून्य. दर वर्षी अहवालात यायचं, "हवेची गुणवत्ता उत्कृष्ट." मी तो कागद तुला दाखवला आणि म्हटलं, शहरात लेकराचा जीव कशाला कोंडतेस, ये इकडे.

आणि नेमका त्याच काळात खालचा बोगदा सुरू झाला. बोगद्याच्या तोंडाशी ट्रक उभे असतात, तासन्‌तास, इंजिन चालू ठेवून. दुपारी ऊन तापलं की दरीतली हवा चढणीने वर यायला लागते. आधी तुमच्या वस्तीत, मग माझ्याकडे. हे ठाणं उभारलं तेच मुळी असलं काही झालं तर कळावं म्हणून. माझ्या नोकरीचा सगळा अर्थ ह्या तीन वर्षांत होता, आणि त्याच तीन वर्षांत मी पायऱ्या वाचवत होते.

इथपर्यंत लिहून उठले. किटली ठेवली, भांडी घासली, टेबल दोनदा पुसलं. अवघड जागेचं दुखणं म्हणतात तसं झालंय. डॉक्टरला दाखवावं लागणार आहे, पण आधी भांडी घासून घेऊ.

चूक झाली एवढंच असतं तर मी तुला गेल्याच पत्रात लिहिलं असतं. शपथेवर सांगते, लिहिलं असतं. पण गोष्ट तेवढीच नाही.

नोव्हेंबरात इथे विजेची पक्की लाइन आली. जनरेटर गेला, पिंपं गेली. पुढच्या खोक्यातल्या कोऱ्या नळ्या खरोखर कोऱ्या निघाल्या, आणि वजा करायला काही उरलं नाही. डिसेंबरात प्रयोगशाळेतल्या मुलीचा फोन आला. तिला मी पाहिलेलं नाही, पण आवाजावरून चुणचुणीत वाटते. म्हणाली, "ताई, डोंगरावर काय पेटवलंत? आकडे चौपट आलेत!" ती हसत होती. मी रिसीव्हर धरून उभी होते आणि उघड्या दारातून समोर त्या कपाटाशेजारची रिकामी जागा दिसत होती. जमिनीवर पिंपांचे गोल डाग होते. मला त्याच क्षणी कळलं, धाकटे. सगळं कळलं. मी म्हटलं, "बघते हं."

ह्याला आज अकरा आठवडे झाले.

अकरा आठवडे मी तोंडात मूग गिळून बसले. ती मुलगी दर पंधरवड्याला फोन करते. कोऱ्या नळ्यांचे जुने आकडे एवढे जास्त का होते, असंही तिने एकदा विचारलं. मी म्हटलं, नळ्या जुन्या झाल्या होत्या. मनाशी म्हणायचे, निवृत्त होऊ दे, मग कोणीतरी शोधून काढेल. झाकली मूठ तीन महिने आणखी झाकून ठेवायची. तोवर हारतुरे, शाल, हसरा फोटो. तुमच्या सह्या मध्ये येतील हे तेव्हा डोक्यात नव्हतं. म्हणजे नव्हतं असं मी म्हणते. जावईबापू वस्तीत घर बघतायत हे तू जानेवारीतच कळवलं होतंस.

आणि बडबड.

गेल्या दिवाळीतल्या जेवणाची आठवण आहे तुला? पाऊस नुकता संपला होता. बडबड म्हणाली होती, दुपारी मधल्या सुट्टीनंतर छाती आवळते आणि खिडकीतून ट्रकसारखा वास येतो. तू घाबरलीस. जावईबापू म्हणाले, परत जाऊ या का शहरात? सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण हवेतलं मला कळतं. मी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "मी रोज मोजते गं राणी. इथली हवा औषधासारखी आहे. मावशीचं मशीन खोटं बोलत नाही. तुझा दम मनातला आहे." सगळे निर्धास्त झाले. तूही. डॉक्टरांकडची पुढची तारीख तू तेव्हाच रद्द केलीस ना?

त्या वेळी मला पिंपांचं कळलं नव्हतं. पण कोऱ्या नळ्या वर जात नाहीत हे माहीत होतं. ज्या आकड्यात एक पायरी गाळली आहे, तो आकडा मी नऊ वर्षांच्या मुलीच्या छातीवर ठेवला. तिच्या स्वतःच्या छातीत काय होतंय ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, आणि मी तिला तिच्याच घरात सगळ्यांसमोर खोटं पाडलं.

दोन आठवड्यांपूर्वी रविवारी मी तुमच्याकडे आले होते. तू आत स्वयंपाकात होतीस. मी हात धुवायला मागे गेले, तर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बडबड उकिडवी बसली होती, पंप तोंडाशी धरून. खांदे वर-खाली होत होते. मला बघितल्यावर तिने पंप फ्रॉकमागे लपवला. मी विचारलं, "काय गं, काय होतंय?" ही मुलगी, जी झोपेतसुद्धा गप्प बसत नाही म्हणून तिचं नाव बडबड पडलं, तिला एक वाक्य बोलायला तीनदा थांबावं लागलं. म्हणाली, "काही नाही मावशी. मनातलं आहे. आईला सांगू नको, ती रागावते."

मला तेव्हा सगळं माहीत होतं. आठ-नऊ आठवड्यांपासून माहीत होतं. तिच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचं, नाही राणी, मनातलं नाही, मावशीचं चुकलं. एवढंच करायचं होतं. मी म्हटलं, "बरं." आणि हात धुऊन जेवायला बसले. जेवले. दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

ती कुरकुर करत नाही म्हणून तू खूश आहेस. ती सुधारली नाही, धाकटे. ती लपायला शिकली.


सोमवार, सकाळ

काल पुढे लिहवलं नाही. आज साडेनऊला प्रयोगशाळेतल्या मुलीला फोन केला आणि सगळं सांगितलं. पायऱ्या, कपाट, रजिस्टर, सगळं.   ती म्हणाली, "ताई, मी अडीच महिने माझं मशीन उघडून बघतेय. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. वरिष्ठांची बोलणी खाल्ली मी." माझ्या तोंडून 'माफ कर' निघेना. ती म्हणाली, "लेखी द्या." मी दिलंय. सही केलेलं पत्र ह्याच जीपने जाईल, तुझ्या पत्राच्या आधी त्याचं पाकीट चिकटवलं, म्हणजे माझं मन फिरायला जागा राहू नये. तीन वर्षांचे आकडे रद्द होतील. बोर्ड उतरवतील. समारंभाचं काय होईल ते सांगायला नकोच.

खरं सांगू? फोन ठेवल्यावर मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. लोक म्हणतात तसं काही होत नाही. नुसती दमले. आणि अकराच्या नमुन्याची वेळ झाली होती म्हणून मनोरा चढले. कोरी नळी बरोबर घेऊन.

आता तुमचं. शुक्रवारी सह्या करू नका. जावईबापूंना हे पत्र वाचायला दे, सगळं दे, मधली पानं काढून ठेवू नकोस. मला काय म्हणायचं ते म्हणू देत. शहरात परत जा, असंही मी सांगत नाही. तिथली हवा ह्याहून बरी आहे का, मला माहीत नाही, आणि माहीत नसताना सांगायचं आता मी सोडलंय. सोबत दोन पानं जोडली आहेत. त्यात कोऱ्या नळ्यांचं काही वजा न करता डिसेंबरपासूनचे रोजच्या तिन्ही वेळांचे आकडे आहेत. त्यातले दुपारचे बघ. बडबडला डॉक्टरांना दाखव, मोठ्या डॉक्टरांना, ह्याच आठवड्यात. दुपारी दोन ते पाच खिडक्या लावून घ्या. शाळेतल्या बाईंना लिहून दे की दुपारी खेळाच्या तासाला ती बसून राहिली तर तिला टाळाटाळ म्हणायचं नाही. आणि पंप दप्तरात वरच्या कप्प्यात, लपवायला लागणार नाही असा.

एक काम तुझ्यावर टाकते, कारण मला ते समोर येऊन करायचं धाडस नाही. येईन, पण तू बोलावशील तेव्हा. तोवर बडबडला शेजारी बसव, आणि तिला सांग की दुपारी वास येतो तो खरा आहे, छाती आवळते ती खरी आहे. मावशीने मोजलं त्याच्या आधी तिने ओळखलं होतं, हेही सांग. मावशी चुकली एवढंच सांगून थांबू नकोस. मावशीला कळल्यावरही ती गप्प बसली, तेही सांग. ती लहान आहे म्हणून पांघरूण घालू नकोस. मी घातलेलं पांघरूणच तिच्या छातीवर आहे.

फक्त मला माफ कर म्हणून तिला सांगू नकोस. ती लगेच करेल.

तुझी
ताई